डीबी साडेतीन मीटर सरकवायची आहे: वायरी वाढवताना जोड कुठे घ्यायचे?

पॅसेजवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सध्याची डीबी (वीज वाटपाची पेटी) बेडरूमच्या भिंतीत आहे आणि त्या भिंतीवर जमिनीपासून सव्वादोन मीटर उंचीचं कपाट येणार आहे. म्हणून डीबी शेजारच्या पॅसेजमध्ये न्यायची आहे, आडवं अंतर साडेतीन मीटर. छत २.९ मीटरवर, डीबीचा मध्य १.६ मीटरवर. सिंगल फेज, २३० व्होल्ट.

आठ सर्किट आहेत: लाइटची तीन (दीडची म्हणजे १.५ चौ. मिमीची वायर, १० अँपिअर एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की पडणारा स्विच), प्लगची तीन (अडीचची वायर, १६ अँपिअर), गीझर आणि एसी (दोन्हींना चारची वायर, २० अँपिअर). मेन ४० अँपिअर, मीटरकडून १० चौ. मिमीची तांब्याची वायर. सगळ्या वायरी स्लॅबमधून चार पाइपांतून खाली डीबीत उतरतात. बॉक्समध्ये वायरींना वीसेक सेंटीमीटरच ढील आहे, म्हणजे वाढवल्याशिवाय पर्याय नाही. एसपीडी (व्होल्टेजच्या झटक्यापासून वाचवणारं साधन) अजून नाही. नवी डीबी घेताना आरसीसीबी (करंटची गळती पकडून पडणारा स्विच) एकाऐवजी दोन घ्यायचा विचार आहे, एक लाइटला आणि एक पॉवरला.

प्रश्न असे: जुना बॉक्स जंक्शन म्हणून ठेवून तिथेच जोड घेतले तर चालेल का? जोड पीळ आणि टेपने, की कनेक्टरने? वाढीव वायर त्याच मापाची पुरेल का? आणि मीटरकडून येणारी मेन वायरही अशीच वाढवायची का? काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घेणार आहे, पण काय करायचं ते आधी मला नीट समजायला हवं.

डीनरेल

पहिल्या प्रश्नापासून. जुना बॉक्स जंक्शन करणं ही एरवी सगळ्यात सरळ पद्धत आहे. आतल्या एमसीबी काढायच्या, डीन रेल (एमसीबी अडकवायची धातूची पट्टी) तशीच ठेवायची आणि त्यावर टर्मिनल ब्लॉक बसवायचे. आठ सर्किटचे फेज, न्यूट्रल, अर्थ मिळून २४ जोड. ४ चौ. मिमीचा ब्लॉक ६.२ मिमी रुंद असतो, म्हणजे २४ ब्लॉक जेमतेम १५ सेंटीमीटरमध्ये मावतात. दोन्ही टोकांना एंड स्टॉपर, प्रत्येक ब्लॉकवर नंबर.

तुमच्या बाबतीत अडचण कपाटाची आहे. जोड कधीही उघडून बघता आला पाहिजे, हा नियम मोडू नका. कपाटाच्या मागच्या फळीला बॉक्सएवढी खिडकी कापून झाकण बसवता येतं, पण दोन वर्षांनी तिथे कपड्यांचे गठ्ठे असतील आणि तिथे जोड आहेत हे कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

त्यापेक्षा हे बघा. पाइप वरून खाली येतात ना? मग जोड खाली घ्यायचेच कशाला? कपाट सव्वादोन मीटरपर्यंत, छत २.९ वर. वर ६५ सेंटीमीटर भिंत मोकळी राहते. तिथे, छताखाली साधारण २० सेंटीमीटरवर चारही पाइप उघडे करा आणि ३०० × २०० × ८० मिमीच्या आसपासचा स्क्रूच्या झाकणाचा बॉक्स बसवा. वायरी जुन्या डीबीतून सोडवून वर खेचल्या की वरच्या बॉक्सात मीटरभर ढील आपसूक मिळते, हवी तेवढी ठेवून बाकीची कापता येते. जोड डोळ्यांसमोर राहतात, स्टुलावर चढून झाकण उघडता येतं, जुना खड्डा बुजवून टाकता येतो.

पाइप उघडा करताना छिन्नी पाइपच्या कडेकडेने चालवा, थेट पाइपवर नको. पाइप कापायला ग्राइंडर वापरू नका. हॅकसॉचं नुसतं पातं हातात धरून भोवती गोल चीर पाडा आणि कडा हाताने मोडून काढा. आतल्या वायरीवर पात्याचा ओरखडा आला तर तो पुढे पाइपच्या आतच राहतो आणि दिसत नाही. तिथे बीम असेल तर फोडू नका, बॉक्स बीमच्या खाली घ्या.

तांबेतार

जोडांबद्दल. पीळ आणि टेप अजिबात नको. पिळलेला जोड पहिल्या दिवशी उत्तम चालतो, म्हणूनच फसवतो. लोड आला की तांबं तापून फुगतं, लोड गेला की आकसतं, पीळ प्रत्येक वेळी किंचित सैल होतो, फटीत ऑक्साइड धरतं, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. टेपचा गोंद सुकतो आणि टेप सुटते.

आकड्यात सांगतो. गीझरच्या वायरीतला जोड बिघडून त्याचा रोध ०.०५ ओहम झाला आणि २० अँपिअर वाहतायत असं धरा: २० × २० × ०.०५ = २० वॅट. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, तीही अंगठ्याएवढ्या जागेत, टेपच्या आत कोंडलेली. एमसीबीला यातलं काहीच कळत नाही, कारण करंट नेहमीचाच आहे. आरसीसीबीलाही कळत नाही, कारण गळती नाही. म्हणून जोडाच्या कामात संरक्षणावर विसंबता येत नाही, जोडच चांगला हवा.

चालणारे पर्याय तीन: डीन रेलचे स्क्रू टर्मिनल, लिव्हरचे कनेक्टर, किंवा क्रिंप केलेला ट्यूब जोड. वरच्या बॉक्ससाठी मी लिव्हर कनेक्टर किंवा टर्मिनल ब्लॉक घेईन. लिव्हर कनेक्टर ४ चौ. मिमीपर्यंत ३२ अँपिअरचे सहज मिळतात, तुमची सगळी सर्किट त्यात बसतात. इन्सुलेशन किती सोलायचं याची खूण कनेक्टरवरच असते, बहुतेकांना ११ मिमी. कमी सोललं तर स्प्रिंग इन्सुलेशनवर बसते, जास्त सोललं तर उघडं तांबं बाहेर डोकावतं. लिव्हर दाबून झाल्यावर प्रत्येक वायर एकेक करून ओढून बघा. पारदर्शक पाठ असलेले घ्या, तांबं शेवटपर्यंत पोचलंय ते दिसतं.

स्क्रू टर्मिनल घेतलं तर बारीक तारांच्या वायरीला फेरूल (टोकावर चढवायची धातूची नळी) लावा, नाहीतर स्क्रू तारा कापतो. आणि टोकावर सोल्डरचं शिसं चढवून स्क्रूखाली देऊ नका. शिसं दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू आपोआप सैल पडतो. हे खूप जण "मजबुती" म्हणून करतात.

क्रिंपिंग करायचं तर रॅचेटचा पाना हवा, तोही त्याच लगच्या (वायरीवर चेपायच्या नळीच्या) मापाचा. साध्या पकडीने चेपलेला लग क्रिंप झाला असं धरू नका.

एक गोष्ट आधी तपासून घ्या. जुन्या वायरी तांब्याच्याच आहेत ना? ॲल्युमिनियम निघाली तर तांब्याशी थेट जोड नको, बायमेटल कनेक्टर लागतो. आणि इन्सुलेशन वाकवताना तडकत असेल तर वाढवायचा विचार सोडा, त्या सर्किटची वायर पूर्ण बदला.

मेगर५००

वायरीच्या मापाचा प्रश्न वरवर सोपा आहे, पण खरी चूक इथेच होते. लोक व्होल्टेज ड्रॉपची काळजी करतात. ती इथे करायचं कारण नाही. अडीचच्या वायरीत दर अँपिअर-मीटरला साधारण १८ मिलिव्होल्ट पडतात. वाढीव लांबी आडवी ३.५, खाली १.२ आणि दोन्हीकडची ढील धरून साडेपाच मीटर. १६ अँपिअरला १८ × १६ × ५.५ = सुमारे १.६ व्होल्ट. चारच्या वायरीत (११ मिलिव्होल्ट) एक व्होल्ट. काहीच नाही.

मुद्दा उष्णतेचा आहे. आत्ता तुमची सर्किट चार पाइपांत विभागलेली आहेत. वाढवताना सगळ्यांना सोयीचं वाटतं ते म्हणजे एकच मोठा पाइप किंवा एकच पट्टी घेऊन आठही सर्किट त्यातून नेणं. मग वायरी एकमेकींना तापवतात. भिंतीतल्या पाइपमध्ये एकट्या सर्किटची पीव्हीसी वायर ३० अंश तापमानाला साधारण इतका करंट पेलते: दीडची १७.५, अडीचची २४, चारची ३२, दहाची ५७ अँपिअर. सोबतीला सर्किट वाढली की गुणक लागतो: दोन असतील तर ०.८, तीनला ०.७, सहाला ०.५७, आठला ०.५२. उन्हाळ्यात भिंतीचं तापमान ४० अंश धरलं तर आणखी ०.८७.

आता प्लगचं सर्किट घ्या. आठ सर्किट एका पाइपात: २४ × ०.५२ × ०.८७ = १०.९ अँपिअर. आणि त्यावर एमसीबी १६ ची! सगळी सर्किट एकाच वेळी पूर्ण लोडवर कधी नसतात हे खरं, लाइटचा लोड तर फारच कमी असतो. तरी संध्याकाळी एसी, गीझर आणि स्वयंपाकघरातले प्लग एकत्र चालतातच.

म्हणून तीन पाइप घ्या, तिन्ही २५ मिमीचे, एकमेकांना न चिकटवता:

पहिल्यात लाइटची तीन सर्किट, दीडची वायर. १७.५ × ०.७ × ०.८७ = १०.७, एमसीबी १० ची, बसतं.

दुसऱ्यात प्लगची तीन. अडीचची वायर १४.६ देते, म्हणजे १६ च्या एमसीबीला अपुरी. इथे वाढीव तुकडा चारचा घ्या: १९.५ मिळतात.

तिसऱ्यात गीझर आणि एसी, चारचीच वायर: ३२ × ०.८ × ०.८७ = २२.३, एमसीबी २० ची, बसतं.

साडेपाच मीटरच्या हिशेबाने दीडची ५० मीटर, चारची ६६ मीटर आणि प्लगच्या अर्थिंगला अडीचची १७ मीटर लागेल. वर थोडी जास्तीची घ्या. अर्थ वायर प्रत्येक सर्किटची स्वतंत्र आणि मूळ फेजच्या मापाची धरली आहे. एका सर्किटचे फेज, न्यूट्रल आणि अर्थ एकाच पाइपातून, लोखंडी बॉक्स असेल तर एकाच भोकातून गेले पाहिजेत. फेज एका भोकातून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून गेला तर मधला पत्रा तापतो.

२० मिमीच्या पाइपात दुसरा गट कोंबू नका. चारच्या सहा आणि अडीचच्या तीन वायरींचं मिळून छेदक्षेत्र सुमारे ११५ चौ. मिमी होतं. २५ च्या पाइपाच्या पोकळीचा ४० टक्के भाग याहून थोडा जास्त भरतो, २० च्या पाइपाचा भरत नाही.

पॅसेजवाला

छताजवळच्या बॉक्सची कल्पना फारच चांगली वाटली, तेच करतो. तीन पाइपांचं गणितही कळलं. मेन वायरीचं आणि कामाच्या क्रमाचं कुणी सांगाल का? घर जास्तीत जास्त एक दिवस अंधारात ठेवता येईल. आणि हो, इन्व्हर्टर आहे, लाइटच्या एका सर्किटवर.

डीनरेल

मेन वायरीत जोड घेऊ नका. सगळ्या घराचा करंट तिच्यातून जातो, तिथला एक सैल न्यूट्रल सगळ्या उपकरणांना पुरतो. मीटरपासून नव्या डीबीपर्यंत अखंड नवी वायर ओढा, स्वतंत्र पाइपातून. दहाची वायर ४० अंशाला ५७ × ०.८७ = ४९.६ पेलते, ४० च्या मेनला पुरेशी. तिच्यासोबत मुख्य अर्थही १० चौ. मिमीचा. मीटरजवळ कटआउट किंवा मेन स्विच-फ्यूज आहे का ते पाहा. नसेल तर आता बसवा. नाहीतर मीटरपासून डीबीपर्यंतची लांबलेली वायर तुमच्या कुठल्याच संरक्षणाखाली येत नाही. मीटरचं सील वीज कंपनीच्या माणसाशिवाय कुणी तोडायचं नाही.

डीबीचा आकार: मेन आयसोलेटर (मुख्य स्विच) २ मॉड्यूल म्हणजे डीबीतल्या जागा, दोन आरसीसीबी ४, आठ एमसीबी ८, एसपीडी २, एकूण १६. वीसची डीबी घ्या. आरसीसीबी ओव्हरलोडपासून वाचवत नाही, म्हणून तिचं रेटिंग मेनपेक्षा कमी नको. ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअर घ्या.

क्रम असा ठेवा. नवा बॉक्स, तीन पाइप, वरचा जंक्शन बॉक्स, सगळ्या वाढीव वायरी, मेनची नवी वायर आणि नव्या डीबीतली जोडणी हे सगळं जुनी डीबी चालू असताना होतं. अपवाद फक्त चार पाइप उघडे करण्याचा, तेवढा वेळ मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद ठेवा. प्लास्टर सुकू द्या. मग एक दिवस ठरवून फक्त २४ जोड आणि मेन.

त्या दिवशी पहिलं काम नंबर टाकणं. जुन्या डीबीतून वायरी सोडवण्याआधी प्रत्येक सर्किटच्या फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्हींवर एकच नंबर: १ फे, १ न्यू, १ अ. न्यूट्रल लिंकवर (सगळे न्यूट्रल जिथे बसतात त्या पट्टीवर) वायरी ज्या क्रमाने बसल्यात त्यावर विश्वास ठेवू नका, तो क्रम एमसीबीच्या क्रमाशी जुळेलच असं नाही. फेजवर नंबर टाकून न्यूट्रल "नंतर बघू" म्हणणाऱ्याचं काम दुप्पट होतं, कारण सुटलेले आठ काळे न्यूट्रल ओळखायला प्रत्येक प्लगपर्यंत जाऊन कंटिन्युइटी (वायर अखंड जोडलेली आहे का) बघावी लागते. सोडवताना अर्थ सगळ्यात शेवटी, जोडताना सगळ्यात आधी.

इन्व्हर्टरबद्दल नीट वाचा. मेन बंद केली तरी इन्व्हर्टरची आउटपुट वायर जिवंत असते. वीज गेल्याचं कळताच तो उलट चालूच होतो. त्याचा स्वतःचा स्विच बंद करा, प्लग काढा, बॅटरीची एक तार सोडवा. मग दोन टोकांच्या व्होल्टेज टेस्टरने तपासा: आधी चालू जागेवर टेस्टर चालतो का बघा, मग डीबीत फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि पुन्हा चालू जागेवर. दिवा लागणाऱ्या स्क्रूड्रायव्हर टेस्टरवर जीव टांगू नका.

नवी डीबी जोडताना एका जागी हमखास चूक होते, ती म्हणजे कोंब बसबार (सगळ्या एमसीबींना फेज देणारी कंगव्यासारखी पट्टी). एमसीबीचा खालचा स्क्रू पूर्ण सैल नसेल तर बसबारचा दात स्क्रूने आवळणाऱ्या चिमट्याच्या आत न जाता मागे घुसतो. वरून अगदी बरोबर दिसतं, स्क्रू घट्टही लागतो, पण तो हवेत घट्ट झालेला असतो. काही महिन्यांत ती एमसीबी तपकिरी पडते. म्हणून आधी सगळे स्क्रू पूर्ण उघडा, बसबार बसवा, घट्ट करा आणि मग बसबार हाताने जोरात हलवून बघा. टॉर्क एमसीबीच्या अंगावर लिहिलेला असतो, बहुधा २ ते २.५ न्यूटन मीटर.

मेगर५००

मेन चालू करण्याआधी मोजमापं, याच क्रमाने:

प्रत्येक सर्किटच्या अर्थची कंटिन्युइटी, डीबीपासून शेवटच्या प्लगपर्यंत. मग इन्सुलेशनचा रोध, ५०० व्होल्टवर. सगळी उपकरणं काढा, एलईडी दिवे आणि पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर वेगळे करा, एसपीडीचं कार्ट्रिज बाहेर काढा, नाहीतर रीडिंग खोटं येतं आणि वस्तूही खराब होतात. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी मोजा. किमान १ मेगाओहम हवा, पण चांगल्या घरगुती वायरिंगला शेकड्यांत येतो. एखादं सर्किट २-३ दाखवत असेल तर पास म्हणून सोडू नका. कुठेतरी ओल आहे किंवा पाइप कापताना वायर दुखावली आहे.

हीच चाचणी जोड घेण्याआधी जुन्या वायरींवर एकदा करून ठेवा. नंतर आकडा खाली आला तर दोष जुना की नवा हे लगेच कळतं.

सप्लाय आल्यावर अर्थ लूपचा (फेजमधून जाऊन अर्थमधून परतणाऱ्या वाटेचा) रोध. सी प्रकारची एमसीबी दहापट करंटला नक्की लगेच पडते, म्हणून १६ अँपिअरच्या एमसीबीला २३० ÷ १६० = १.४४ ओहमच्या आत, २० च्या एमसीबीला १.१५ च्या आत. प्रत्यक्षात बरंच कमी यायला हवं, कारण लोडवर वायर तापली की रोध वाढतो. मग आरसीसीबी टेस्टर: १५ मिलिअँपिअरला पडायची नाही, ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडली पाहिजे. टेस्टचं बटण फक्त यंत्रणा हलते का ते सांगतं, अर्थिंग आहे की नाही ते सांगत नाही.

शेवटी गीझर आणि एसी अर्धा तास एकत्र चालवा आणि मग दोन्ही बंद न करता, डीबीचं झाकण लावलेलंच ठेवून, एमसीबींच्या दर्शनी भागावर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवा. शेजारच्यांपेक्षा एखादी स्पष्ट जास्त गरम असेल तर मेन बंद करून तिचे स्क्रू तपासा.

पॅसेजवाला

काम झालं, मोजमापं सगळी बसली. एकच अडचण. बेसिनवरचा दिवा लावला की लाइटची आणि पॉवरची, कधी एक तर कधी दोन्ही आरसीसीबी पडतात. बाकी सगळे दिवे ठीक. जुन्या डीबीत हे कधीच झालं नव्हतं. इन्सुलेशन या सर्किटचं ३०० मेगाओहमच्या वर आहे.

तांबेतार

नव्या कामाचा दोष नाही. बेसिनवरच्या दिव्याला फेज लाइटच्या सर्किटमधून आहे आणि न्यूट्रल शेजारच्या प्लगमधून उचललेला आहे. पूर्वी एकच आरसीसीबी होती, जाणारा आणि येणारा करंट तिच्यातूनच जायचा, बेरीज शून्य व्हायची. आता जातो एका आरसीसीबीतून आणि परततो दुसरीतून. दोघींनाही ती गळती वाटते. कुठली आधी पडेल हे ठरलेलं नसतं. इन्सुलेशनच्या चाचणीत हे सापडत नाही, कारण अर्थशी काहीच टेकलेलं नाही.

खात्री अशी करा. मेन आणि इन्व्हर्टर बंद. दिव्याच्या होल्डरमधून दिवा काढून दोन्ही टोकं छोट्या वायरीने जोडा, दिव्याचा स्विच चालू स्थितीत ठेवा. डीबीत सगळे न्यूट्रल लिंकवरून सोडवा. मल्टिमीटरचं एक टोक लाइट सर्किटच्या फेजवर आणि दुसरं एकेका न्यूट्रलवर. जिथे एखाद-दोन ओहम दिसेल, त्या नंबरच्या सर्किटचा न्यूट्रल तुमचा दिवा वापरतोय. झाल्यावर होल्डरमधली ती वायर आठवणीने काढा, नाहीतर स्विच लावताच शॉर्ट होईल.

उपाय: त्या स्विचबोर्डात लाइटच्याच सर्किटचा न्यूट्रल ओढून आणा, वाटेतल्या जवळच्या लाइट पॉइंटवरून सहसा मिळतो. प्लगचा उचललेला न्यूट्रल सोडवून टोक बंद करा. दोन आरसीसीबींच्या न्यूट्रल लिंक एकत्र जोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मग दोन्ही सारख्या पडत राहतील. काम होईपर्यंत तो दिवा वापरू नका आणि त्या बोर्डाला हात लावायचा तर लाइट आणि प्लग दोन्हींच्या एमसीबी नव्हे, मेन आणि इन्व्हर्टरच बंद करा. एमसीबी फक्त फेज तोडते, उचललेला न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो आणि त्याच न्यूट्रलवर दुसरं काही चालू असताना तो सोडवला तर लोडकडच्या मोकळ्या टोकावर पूर्ण व्होल्टेज येतं.